भीती कमी केली की गोष्टही कमी होते

मुलांच्या गोष्टींत इतका काळोख कशाला, हा प्रश्न रास्त आहे, पण मला तोच काळोख आवडतो. ‘कोरलाइन’ घ्या. नील गेमनचं पुस्तक २००२ चं, हेन्री सेलिकचा स्टॉप-मोशन चित्रपट २००९ चा. कोरलाइन या मुलीला दारापलीकडच्या दुसऱ्या जगात भेटणारी, डोळ्यांच्या जागी बटणं असलेली ती दुसरी आई दोन्हीकडे अंगावर काटा आणते. चित्रपटाने मात्र वायबी नावाचा एक मुलगा नव्याने आणला. पडद्यावर कोरलाइनला बोलायला कुणीतरी हवं, हे समजतं. पण शेवटी त्या दुसऱ्या आईचा तुटलेला हात पाठलाग करत येतो तेव्हा चित्रपटात वायबी मदतीला धावतो. पुस्तकात ती एकटीच बाहुल्यांच्या चहापार्टीचा बनाव रचून त्या हाताला विहिरीत पाडते. मला पुस्तकातलाच शेवट कितीतरी जास्त भावतो.

पुस्तकात गांधीलमाश्यांचा एक प्रसंग आहे. लेकीला पळून जाता यावं म्हणून वडील डंख सोसत उभे राहतात. पण त्याला ते धाडस मानत नाहीत. तिथे पडलेला चष्मा आणायला घाबरत घाबरत पुन्हा गेले, ते धाडस, असं ते म्हणतात. दहा वर्षांच्या मुलाला हे किती नेमकं कळतं!

पॅट्रिक नेसचं ‘अ मॉन्स्टर कॉल्स’ (२०११) अजून वाचलं नसेल तर जरूर वाचा, तेही जिम केच्या काळ्या-करड्या चित्रांसकट. आजारी आईच्या मुलाला भेटणारा तो राक्षस धीर देत नाही, खरं बोलायला लावतो. चित्रपटही चांगला आहे, पण आधी पुस्तक.