फ्लेवरवालं व्हिटॅमिन ड्रिंक कीटोत चालतं का?

प्रश्न: कीटो डाएट (एकदम कमी कार्ब्सचं) सुरू केलंय, दिवसाला २० ग्रॅम कार्ब्सच्या आत राहायचंय पण नुसतं पाणी पिऊन वैताग आला म्हणून ऑरेंज फ्लेवरचं व्हिटॅमिन ड्रिंक आणलं, समोर मोठ्ठं 'शुगर फ्री' लिहिलंय, मग बिनधास्त पिऊ ना?

– समोरचं सोडा हो, मागचं वाचा. साखर शून्य असली तरी टोटल कार्ब्स किती ते बघा, आणि तो आकडा १०० मिलीचा आहे की अख्ख्या बाटलीचा तेही, ५०० मिलीची बाटली असेल तर सरळ पाचपट.

– +१. घटकांमध्ये माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून बनवलेली पावडर) दिसलं तर ठेवूनच द्या, ते लेबलवर साखरेत धरत नाहीत पण रक्तातली शुगर झपकन वाढवतं, पावडरच्या पाकिटांत बऱ्याचदा असतं. स्टीव्हिया, सुक्रालोज, एरिथ्रिटॉल असं साखरेऐवजी गोडीला घातलेलं काही असेल तर हरकत नाही (चव कशी लागते तो भाग वेगळा 😄)

प्रश्नकर्ता: पावडरच आहे, आणि यादीत दुसऱ्याच नंबरला माल्टोडेक्स्ट्रिन 🤦 एका पाकिटात ४ ग्रॅम कार्ब्स. अर्धं पाकीट घेतलं तर?

– घ्या की, २ ग्रॅम मोजून धरा म्हणजे झालं. पण फक्त व्हिटॅमिनसाठीच पीत असाल तर साधी गोळी बरी. गमी (चघळायची मऊ गोळी) नको, त्यात बहुतेकदा साखर असतेच.