कोहातल्या मराठी नोंदी डीस्पेसमध्ये न्यायच्या आहेत. पुन्हा टाइप न करता मेटाडेटा कसा वापरावा?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. नाशिकमधल्या एका ग्रंथालयाचं काम आहे. कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये मार्क २१ या नोंदपद्धतीतल्या सुमारे चार हजार मराठी नोंदी आहेत. त्यांपैकी सहाशेच्या आसपास जुनी पुस्तकं स्कॅन झाली आहेत आणि त्यांच्या पीडीएफ डीस्पेसवर, म्हणजे डिजिटल संग्रहाच्या सॉफ्टवेअरवर, चढवायच्या आहेत; त्यांचा मेटाडेटा (शीर्षक, लेखक, वर्ष वगैरे माहिती) कोहातूनच घ्यायचाय. मार्कएडिट या मार्क नोंदींच्या साधनातून काढलेली फाइल एक्सेलमध्ये उघडली की देवनागरी अक्षरांचा चुथडा होतो. एकाच लेखकाचं नाव चार तऱ्हांनी लिहिलंय, गावांचंही तेच. शिवाय कित्येक पुस्तकांवर फक्त शके छापलाय. सुरुवात कुठून करू?

सातपूर_सर्व्हर

आधी एक्सेल बाजूला ठेवा. डबल क्लिक करून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) उघडली की बऱ्याचदा एक्सेल ती यूटीएफ-८ या युनिकोड पद्धतीत आहे हे ओळखत नाही. त्याहून वाईट म्हणजे वर्ष-महिना असलेली तारीख ते स्वतःच बदलून टाकतं: १९१२ चा फेब्रुवारी लिहिला असेल तर ‘फेब-१२’ होतो आणि सेव्ह केल्यावर शतक गेलं ते गेलंच. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये उघडताना अक्षरसंच यूटीएफ-८ निवडा आणि सगळे रकाने ‘मजकूर’ करा. खरं तर साफसफाईचं सगळं काम ओपनरिफाइन या माहिती साफ करायच्या साधनातच करा, तिथे प्रत्येक पायरी मागे घेता येते.

मार्कमधून काय उचलायचं ते नीट ठरवा. शीर्षकासाठी मार्कच्या २४५ क्रमांकाच्या क्षेत्रातले ए आणि बी हे उपभाग घ्या, सी नको. सीमध्ये लेखकनिर्देश असतो, तो शीर्षकाला चिकटला की यादी बिघडते. ए आणि बीच्या शेवटी राहिलेली तिरपी रेघ, अपूर्णविराम (:) काढून टाका. १०० वरून लेखक, २६० किंवा २६४ च्या सीवरून वर्ष, ६५० वरून विषय. आणि ९९९ सी, म्हणजे कोहाचा नोंद क्रमांक, हा रकाना कुठल्याही परिस्थितीत सोडू नका. डीस्पेसमध्ये तो ‘आयडेंटिफायर.अदर’मध्ये बसवा.

मराठीचा खास त्रास युनिकोडचा. ‘ॲ’ हे एक अक्षर म्हणूनही टाइप होतं आणि ‘अ’वर चंद्र देऊनही. दिसायला सारखंच, पण शोधात वेगळं, आणि एनएफसी (युनिकोडचं ठरलेलं एकरूपीकरण) केल्याने ते एक होत नाही. शोधा-बदला करूनच एक करावं लागतं. ‘दऱ्या’, ‘वाऱ्या’ यांतला अर्धा र दोन प्रकारे येतो: एक स्वतंत्र ‘ऱ’ घेऊन, दुसरा साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे झेडडब्ल्यूजे हे अदृश्य चिन्ह घालून. झेडडब्ल्यूजे सरसकट उडवलं तर ‘दऱ्या’चं ‘दर्या’ होईल. म्हणून क्रम असा: आधी ‘र, हलन्त, झेडडब्ल्यूजे’च्या जागी ‘ऱ, हलन्त’ घाला, मग उरलेली अदृश्य चिन्हं काढा, शेवटी एनएफसी.

फाइलींसाठी: डीस्पेसच्या सीएसव्ही आयातीने फक्त मेटाडेटा जातो, पीडीएफ जात नाही. त्यासाठी सिंपल अर्काइव्ह फॉरमॅट लागतो. प्रत्येक पुस्तकाचा एक फोल्डर, त्यात डब्लिन कोअर या मेटाडेटा पद्धतीतली एक्सएमएल, पीडीएफ आणि फाइलींची नावं असलेली ‘कंटेंट्स’ फाइल. हे हाताने करू नका, एसएएफबिल्डर या साधनाला फाइलनावाचा रकाना असलेली सीएसव्ही दिली की तो फोल्डर बनवतो. आयात करताना तयार होणारी मॅपफाइल (कुठला फोल्डर कुठल्या नोंदीत गेला त्याची यादी) जपून ठेवा. गडबड झाली तर तिच्यावरूनच अख्खा लॉट परत काढता येतो. पहिला लॉट दहाच पुस्तकांचा करा.

जुनी_पोथी

वरच्या सगळ्याशी सहमत. नावं आणि तारखांबद्दल लिहितो, कारण खरा वेळ तिथे जातो.

ओपनरिफाइनच्या क्लस्टरिंगमधल्या (मिळतीजुळती नावं शोधायच्या सोयीतल्या) मेटाफोनसारख्या ध्वनीवर चालणाऱ्या पद्धती रोमन लिपीसाठी आहेत, देवनागरीवर त्यांचा उपयोग नाही. ‘निअरेस्ट नेबर’ आणि लेव्हनश्टाइन (किती अक्षरांचा फरक ते मोजणारी पद्धत) वापरा, पण ‘सगळे एकत्र करा’ कधीही दाबू नका. ‘वि.वा.’ आणि ‘वि. वा.’ एकच, हे खरं. ‘रा. ग. जोशी’ आणि ‘रा. गो. जोशी’ मात्र दोन माणसं असू शकतात, आणि त्यांच्यात फरक फक्त एका काना-मात्रेचा असतो.

टोपणनावांचं उदाहरण आपल्या नाशिकचंच घ्या. कुसुमाग्रज कवितांवर, वि. वा. शिरवाडकर नाटकांवर. कोहाच्या अधिकृत नावांच्या फाइलीत दोन स्वतंत्र नोंदी करून ५०० या क्षेत्राने एकमेकींना जोडा. इतर साधे पाठभेद ४०० या क्षेत्रात. डीस्पेसमध्ये लेखकाच्या रकान्यात मुखपृष्ठावरचंच नाव ठेवा आणि दुसरं नाव ‘इतर नावे’ अशा स्थानिक रकान्यात घाला, म्हणजे कुठल्याही नावाने शोधलं तरी सापडेल.

गावांचं सोपं आहे. शीर्षकात आणि प्रकाशनस्थळात जे छापलंय ते तसंच राहू द्या. १८८३ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्ये नाशिकच्या इंग्रजी स्पेलिंगात एच नाही, तर तिथे तो घालू नये. पुस्तक ज्या स्थळाबद्दल आहे त्या ‘कव्हरेज.स्पेशियल’ रकान्यात मात्र एकच रूप: नाशिक. त्रिंबक, त्र्यंबक, त्र्यंबकेश्वर यांतलंही एक ठरवा आणि ते कागदावर लिहून सगळ्यांना द्या.

शके: चैत्र ते कार्तिक असेल तर ७८ मिळवा, माघ-फाल्गुन असेल तर ७९. मार्गशीर्ष किंवा पौष असेल तर ती तिथी डिसेंबरात पडते की जानेवारीत, हे पंचांगाशी ताडूनच ठरतं. नुसता ‘शके १७९४’ असेल तर तो १८७२-७३. ‘डेट.इश्यूड’ या प्रकाशनवर्षाच्या रकान्यात १८७२ एवढंच, आणि तेही इंग्रजी अंकांत. देवनागरी अंक किंवा ‘सुमारे’ असे शब्द तिथे गेले की वर्षाच्या गाळणीत ते पुस्तक येतच नाही. मूळ ‘शके १७९४’ वर्णनात जसाच्या तसा. मूळ मजकूर टाकून फक्त हिशेब ठेवणं मला अजिबात मान्य नाही, कारण उद्या कुणाला हिशेब तपासायचा झाला तर आधार हवा.

गोदाकाठ

फार मदत झाली. एकच राहिलं: पुढे कोहात दुरुस्ती झाली तर ती डीस्पेसमध्ये कशी न्यायची?

सातपूर_सर्व्हर

त्यासाठीच ९९९ सी. डीस्पेसमधून त्या संग्रहाची सीएसव्ही काढा, कोहाचा नवा एक्सपोर्ट घ्या, आणि ओपनरिफाइनच्या क्रॉस फंक्शनने नोंद क्रमांकावर दोन्ही जुळवा. परत चढवताना फाइलीत फक्त आयडी आणि बदललेला रकाना ठेवा. रिकामा कप्पा म्हणजे ‘आहे तसं ठेवा’ नव्हे. डीस्पेस तिथला आधीचा मजकूर पुसून टाकतं. रकाना फाइलीत नसेल तर हात लावत नाही. एकाहून जास्त विषय असतील तर मध्ये दोन उभ्या रेघा.

शिवाय मराठीचा भाषाकोड लावलेलं शीर्षक आणि कोड नसलेलं शीर्षक हे डीस्पेसच्या लेखी दोन वेगळे रकाने. एका वेळी एक, दुसऱ्या वेळी दुसरा वापरला तर पुस्तकाला दोन शीर्षकं दिसतील. आयात पक्की करण्याआधी बदलांची यादी दिसते. त्यात ‘काढले’ असं कुठे येतंय का ते ओळ न ओळ वाचा, मगच बटण दाबा.