मदत हवी आहे : एक वर्ष दहा महिन्यांचं लेकरू काहीच खायना

सेलूची_सून
मुलगा १ वर्ष १० महिन्यांचा. महिन्यापूर्वीपर्यंत वरण-भात, केळं, धपाटं सगळं खायचा. मध्ये तीन दिवस ताप आला, उतरला, पण तेव्हापासून जेवण सुटलंय. घास दिसला की तोंड फिरवायलाय. भरवला तर गालात धरून ठेवतो, मग थुंकतो. वजन फेब्रुवारीत अंगणवाडीत ९.७ किलो होतं, परवा १०.२ भरलं. खेळतो चांगला. शी दोन-तीन दिवसांनी आणि खडा.
दिवसभरात काय जातं ते लिहिते : उठल्यावर म्हशीचं दूध २०० मिली, बाटलीनं. नऊ वाजता चहा आणि चार-पाच बिस्किटं. दुपारी झोपताना दूध २००, संध्याकाळी २००, रात्री अर्धवट झोपेत २५०.
सासूबाई म्हणतात नजर लागली. मेडिकलवाल्यानं भूक वाढायचं सिरप दिलंय, अजून फोडलं नाही. द्यावं का? इकडं पारा ४२ च्या वर आहे, उन्हानं असं होतं का?

वरणफळ
ताई, सिरप तसंच ठेवा आणि आधी बाटल्या मोजा. तुमच्याच हिशोबानं ८५० मिली होतात. पाणी न घातलेलं म्हशीचं दूध १०० मिलीला १०० कॅलरीच्या आसपास, साय असेल तर जास्तच. म्हणजे दुधातूनच साडेआठशे, वर बिस्किटांच्या शंभर. या वयाला दिवसाकाठी लागतात साधारण हजार. लेकरू उपाशी नाहीच, त्याचं पोट भरलेलं आहे. जेवणानं जायचं कुठं?
अचानक झालं असं वाटण्याचं कारण ताप. आजारात घास नको होतो, मग घरचे म्हणतात "निदान दूध तरी जाऊ द्या". ताप जातो, वाढवलेलं दूध तसंच राहतं. शी खडा होण्यामागंही बहुतेक हेच असणार, आणि पोट साफ नसेल तर भूक आणखी मरते.
दुसरं म्हणजे वय. पहिल्या वर्षात वजन जन्माच्या तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात अख्ख्या वर्षाला दोन-अडीच किलोच वाढतं. वाढ मंदावली की भूकही उतरते. तीन महिन्यांत अर्धा किलो वाढ ठीक आहे. अंगणवाडीच्या तक्त्यावर हे दोन्ही ठिपके हिरव्या, म्हणजे व्यवस्थित वजनाच्या पट्ट्यात पडतील, एकदा बघून घ्या.

गोदाकाठ
दूध दिवसाला ४०० मिलीवर आणा, ५०० च्या वर कधीच नको. एकदम तोडू नका, रडून घर डोक्यावर घेईल आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी बाटली हातात देईलच. रात्रीची बाटली पहिल्यांदा. २५० मध्ये ५० मिली दूध कमी करून तेवढं पाणी, दोन-तीन दिवसांनी १०० पाणी, असं करत शेवटी नुसतं पाणी. झोपेत दूध तोंडात साचलं की वरचे पुढचे दात किडतात, त्यासाठीही ही बाटली जायलाच हवी. संध्याकाळची पूर्ण बंद. सकाळचं आणि दुपारचं २००-२०० राहू द्या, पण फुलपात्रात आणि खाण्याच्या नंतर. दिवसाच्या दुधात पाणी मिसळू नका.
चहा आजपासून बंद. त्यानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही, आणि नऊ वाजताची बिस्किटं अकराचं जेवण मारतात.

सेलूची_सून
दूध कमी केलं आणि तरी जेवला नाही तर? घरात सगळे माझ्यावरच येतील.

गोदाकाठ
पहिले चार-पाच दिवस तसंच होणार, हे घरात आधीच सांगून ठेवा. खाण्याच्या वेळा ठरवा, तीन जेवणं आणि दोन मधली खाणी, प्रत्येकात अडीच-तीन तासांचं अंतर, मध्ये फक्त पाणी. वीस-पंचवीस मिनिटांत ताट उचलायचं, खाल्लं असो नसो. मागं फिरून भरवणं नाही, मोबाइल नाही. ताटात काय आणि किती वाजता हे तुम्ही ठरवायचं, किती खायचं हे त्यानं. "एक घास आजीचा" हा लाडही सध्या नको. गालात घास धरणं हे जबरदस्तीला दिलेलं उत्तर असतं, हात थांबला की तेही कमी होतं.
उन्हाचं म्हणाल तर हो, भूक मंदावते. दुपारी एक वाजता जेवणाचा हट्ट धरू नका. मोठी जेवणं सकाळी आठ-साडेआठला आणि संध्याकाळी सातनंतर. दुपारी ताक-भात किंवा दही-पोह्यांवर भागतं.

कूटपोळी
वाढताना हात आखडता ठेवा. प्रत्येक पदार्थाचे दोन मोठे चमचे, बास. भरलेलं ताट बघूनच ही पोरं मान फिरवतात. कमी खाण्यात ताकद यावी म्हणून घासाघासाला तूप-तेल घाला, एक छोटा चमचा म्हणजे ४५ कॅलरी.
काही गोष्टी आपल्याकडं हमखास चुकतात. येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्यांचं तिखट पीठ) घातलेली आमटी पाण्यानं पातळ करून देतात. तिखट तेवढंच राहतं, सत्त्व जातं. तिखट घालायच्या आधीच त्याचं घट्ट वरण वाटीत काढून ठेवा. भाकरी गरम असतानाच पापुद्र्यासकट वरणात कुस्करा, त्यात दोन चमचे शेंगदाण्याचा बारीक कूट. तासाभरानं ती वातड होते आणि मागच्या दाढा पूर्ण आलेल्या नसतात, मग चावता येत नाही म्हणून थुंकतो आणि आपण म्हणतो नखरे. अख्खे शेंगदाणे, फुटाणे मात्र पाच वर्षांपर्यंत हातात देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात.
उकडपेंडी करून बघा. चार मोठे चमचे जाडसर ज्वारीचं पीठ दोन छोटे चमचे तेलात मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंत भाजा, जिरं-हळद-मीठ, मग पाऊण वाटी ताक थोडं थोडं घालत हलवा, झाकून पाच मिनिटं वाफ. पीठ कच्चं राहिलं तर टाळूला चिकटतं आणि पोरगं पुन्हा तोंडाला लावत नाही. धपाटी रुपयाएवढी लहान करा, हातात धरून खातात. रोज एक अंडं चालत असेल तर उत्तमच.
नवा पदार्थ नाकारला तर दोन दिवसांनी पुन्हा चमचाभर ठेवायचा, काही न बोलता. दहा-पंधरा वेळा दिसल्याशिवाय काही मुलं हातच लावत नाहीत.

वरणफळ
सिरपबद्दल राहिलं. अशा बऱ्याच सिरपांत सायप्रोहेप्टाडीन असतं, मूळचं ॲलर्जीचं औषध. गुंगी येते, आणि बंद केलं की भूक पुन्हा होती तिथं. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय नको. एवढं दूध पिणाऱ्या मुलांत लोह कमी पडण्याची शक्यता जास्त, आणि लोह कमी झालं की भूक आणखी जाते. खालची पापणी ओढून आतली बाजू बघा. फिकट असेल किंवा माती, भिंतीचा चुना खात असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. आशाताईंकडचं लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा १ मिली, हे निरोगी मुलासाठी. रक्त कमी निघालं तर डोस डॉक्टर ठरवतील. दुधाबरोबर देऊ नका, शी काळी झाली तर घाबरू नका. फेब्रुवारीत जंताची गोळी मिळाली होती का तेही विचारा, दोन वर्षांच्या आत अर्धी असते.
नजर काढायची तर काढा, मीठ-मोहऱ्यांनी लेकराचं काही बिघडत नाही आणि सासूबाई बाटलीच्या बाबतीत तुमच्या बाजूनं येतील.
मात्र वजन घटायला लागलं, पुन्हा ताप किंवा उलट्या सुरू झाल्या, सहा-आठ तास लघवी नाही, पातळ घासालाही ठसका लागतो, किंवा अंगणवाडीतल्या पट्टीनं मोजलेला दंडाचा घेर १२.५ सेंमीच्या खाली आला तर इथं विचारत बसू नका, त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाकडं न्या.

सेलूची_सून
दंड १३.८ आहे, परवाच मोजला होता. जंताची गोळी तापामुळं नाही, त्या दिवशी गावाला होतो म्हणून राहिली. रात्रीच्या बाटलीपासून सुरू करते. वजन किती दिवसांनी करू?

वरणफळ
महिन्यानं. त्याच काट्यावर, कमीत कमी कपड्यांत. रोज किंवा आठवड्याला केलं तर शी-लघवीनंच दोनशे ग्रॅम इकडंतिकडं होतात आणि घरात उगाच भांडणं. राहिलेल्या गोळीचं अंगणवाडीताईंना सांगून ठेवा.