नागपुरात बिअरची ब्रूअरी आतून बघायची आहे, टेस्टिंग (बिअर चाखून ओळखणं) शिकायचं आहे, सुरुवात कुठून करावी?

रामनगर_चौक

नमस्कार मंडळी. आमचा धरमपेठ-रामनगर भागातला मित्रमैत्रिणींचा ग्रुप आहे, सगळे तिशी ओलांडलेले, आणि पिण्यापेक्षा चवीत जास्त जीव असलेले. शहरातल्या मायक्रोब्रूअरीत जाऊन जाऊन व्हीट, स्टाउट, आयपीए ही नावं पाठ झालीत, पण एकाच नावाची बिअर दोन ठिकाणी इतकी वेगळी का लागते, आणि कधीकधी तीच बिअर त्याच ठिकाणी पुढच्या महिन्यात भलतीच का लागते हे आमच्यात कोणालाच सांगता येत नाही. काचेमागे चकचकीत टाक्या दिसतात, पण तिथं नेमकं काय चाललंय ते कळायला मार्ग नाही.

तर ज्यांना माहिती आहे त्यांनी सांगा की नागपुरात कोणी आत नेऊन दाखवतं का, की त्यासाठी पुणं गाठायलाच हवं? टेस्टिंग शिकवणारं वर्कशॉप कोणी केलंय का आणि त्यात खरंच काही हाती लागतं का? आमच्यातला एक जण म्हणतो ऑनलाइन किट मागवू आणि घरीच बनवू, म्हणजे आपोआप सगळं कळेल. मला ते कायद्यात बसेल असं वाटत नाही, पण नक्की माहीत नाही. बायको पण येणार आहे, तिला हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) हाताळून बघायचेत, म्हणून जरा नीट प्लॅन करायचंय.

बर्डीवाला

भाऊ, आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगतो कारण तो महत्त्वाचा आहे. घरी बनवू नका. महाराष्ट्र दारूबंदी कायदा 1949 चा आहे आणि लायसन्सशिवाय मद्य बनवणं हा त्यात गुन्हा आहे, घरच्यासाठी बनवलं काय, विकायला बनवलं काय, फरक पडत नाही. लोक व्हिडिओ पाहून करून राहिले म्हणून ते चालते असं होत नाही. वर्कशॉप करायचं तं लायसन्सवाल्या जागेतच करा. बिअरसाठी वय 21 पूर्ण पायजे, तुम्हाला तो प्रश्न नाही, पण ग्रुपमध्ये कोणाचा लहान भाऊ येत असेल तं त्याला सांगून ठेवा.

दुसरं, टूर म्हणून बोर्ड लावलेला शोधत बसू नका. जिथं तुम्ही नेहमी जाता तिथल्या ब्रूअरला भेटा, मॅनेजरला नाही, ब्रूअरला. शनिवारी रात्री त्याला बोलायला वेळ नसते. मधल्या वारी सकाळी फोन करा आणि विचारा की पुढची बॅच कधी लावून राहिले, आम्ही चार-पाच जण येऊन बाजूला उभे राहू. ज्याचं आपल्या कामावर प्रेम आहे तो माणूस नाही म्हणत नाही, मी अनुभवावरून सांगून राहिलो. त्या सकाळी जे दिसते ते संध्याकाळच्या टूरमध्ये दिसत नाही, कारण संध्याकाळी टाक्या नुसत्या उभ्या असतात. बंद बूट घालून जा, फरशी ओली असते आणि पाणी उकळतं असते.

पुण्यात_स्थायिक

मी मूळची सीताबर्डीची, आता बरीच वर्षं पुण्यात आहे, म्हणून पुण्याचं सांगते. इथे यायला कारण आहे, कारण महाराष्ट्रात क्राफ्ट बिअरची सुरुवातच इथून झाली, डूलाली ही मायक्रोब्रूअरी 2009 मध्ये पुण्यातच सुरू झाली. इंडिपेंडन्स ब्रूइंग, ग्रेट स्टेट एलवर्क्स ही पण पुण्याचीच नावं. त्यामुळे दोन दिवसात वेगवेगळ्या हातांची बिअर शेजारी शेजारी ठेवून चाखता येते, हा पुण्याचा खरा फायदा आहे. मूनशाइन मीडरीची मीड पण इथलीच, म्हणजे मधापासून आंबवलेलं पेय, ते बिअरच्या जोडीला चाखलं की माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि मध या दोन साखरांवर यीस्ट किती वेगळं वागतं ते जिभेला समजतं. फक्त कुठेही जायचं तर आधी फोन करून विचारा, दारात जाऊन उभं राहिलं तर कोणी प्लांट दाखवेलच असं नाही.

मला परदेशातल्या मोठ्या टूर पण बघायला मिळाल्यात, त्यावरून एक सांगावंसं वाटतं. डब्लिनचं गिनेस स्टोअरहाउस भव्य आहे, पण ती फर्मेंटेशनची जुनी इमारत आहे आणि 2000 पासून तिथं प्रदर्शन आहे, चालू कारखाना नाही. याउलट चेकियातल्या प्लझेनला, जिथं 1842 मध्ये पहिली पिल्सनर तयार झाली, तिथं खाली थंडगार तळघरात नेतात आणि लाकडी पिंपातून न गाळलेली बिअर थेट ग्लासात देतात. त्या तळघरात उभं राहिल्यावर मला लागर, म्हणजे थंडाव्यात सावकाश आंबवलेली बिअर, म्हणजे काय ते एका घोटात कळलं, इतकी वर्षं वाचून जे कळलं नव्हतं. म्हणून निवड करायची असेल तर चालू कारखाना निवडा, छोटा असला तरी.

गाडीने येणार असाल तर परतताना डिकीत बाटल्या भरू नका. समृद्धी महामार्ग वर्धा जिल्ह्यातून जातो आणि वर्ध्यात दारूबंदी आहे.

माल्ट_आणि_पाणी

मी लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून फूड टेक्नॉलॉजी केलंय (आपली 1942 ची संस्था, नागपूरकरांनी अभिमान बाळगावा अशी) आणि काही वर्षं ब्रूइंगमध्ये काढलीत. बर्डीवाल्या भाऊंचं शंभर टक्के बरोबर आहे, ब्रू डेच्या, म्हणजे बॅच लावायच्या दिवशी, सकाळी जा. पण जाऊन काय बघायचं ते सांगतो, नाहीतर फोटो काढून परत याल.

पहिलं म्हणजे मॅश. भरडलेलं माल्ट साधारण 65-67 डिग्रीच्या पाण्यात तासभर राहतं आणि त्या वेळात धान्यातला स्टार्च साखरेत बदलतो. ब्रूअरला आयोडीन टेस्ट दाखवायला सांगा. पांढऱ्या बशीत मॅशचा एक थेंब, त्यावर आयोडीनचा एक थेंब. सुरुवातीला निळं-काळं होतं, म्हणजे स्टार्च अजून आहे, आणि तासाभराने तोच आयोडीन पिवळट तपकिरीच राहतो. शाळेत बटाट्यावर केलेला प्रयोग, पण इथं त्याच्यावर अख्खी बॅच अवलंबून असते. मग गाळलेला वर्ट, म्हणजे मॅशमधून निघालेलं गोड पाणी, चाखायला मागा. तो गरम असतो, नाचणीच्या गोड पेजेसारखा लागतो आणि त्यात अल्कोहोल शून्य असतं. इथं तापमान दोन-तीन डिग्री वर गेलं तर बिअर जाड आणि गोडसर होते, खाली राहिलं तर हलकी आणि कोरडी. एकाच नावाची बिअर दोन ठिकाणी वेगळी का लागते याचं पहिलं उत्तर हे.

दुसरं उत्तर पाणी. आपल्याकडे कन्हान-पेंचचं पाणी येतं, कुठं बोअरचं वापरतात, आणि बोअरचं जड असतं. प्लझेनचं पाणी अगदी मऊ म्हणून तिथं फिकट पिल्सनर जमली, डब्लिनचं जड म्हणून तिथं भाजलेल्या धान्याची काळी स्टाउट जमली. आता बरेच ब्रूअर आरओ लावून नंतर हवे ते क्षार मोजून घालतात. "पाण्यात काय घालता" एवढा एक प्रश्न विचारा, समोरच्याचा चेहरा खुलतो आणि पुढचा अर्धा तास तोच बोलतो.

मग उकळी. साधारण तासभर, हॉप्स इथं पडतात, आधी टाकले तर कडूपणा, शेवटी टाकले तर वास. वहिनींना सांगा की हॉप्सची गोळी दोन बोटांत चुरडून तळहातावर चोळायची आणि लगेच नाकाशी न्यायची, हातालाच पिवळट चिकटपणा राहतो. त्यानंतर वर्ट झटकन थंड करावा लागतो, आणि नागपुरात खरी कसोटी इथं आहे. मे महिन्यात छतावरच्या टाकीतलं पाणी आंघोळीला सुद्धा नको वाटतं, त्या पाण्याने वर्ट 20 डिग्रीवर येणारच नाही, म्हणून इथं चिल्ड वॉटर आणि ग्लायकॉल (टाक्या गार ठेवणारं द्रव) लागतंच. एल (लागरपेक्षा उबेत आंबणारी बिअर) बनवणारं यीस्ट 18-20 ला खूश असतं. तिशीच्या वर सोडलं की नेलपॉलिश रिमूव्हरसारखा उग्र वास येतो. घरी बनवू म्हणणाऱ्या मित्राला कायद्याशिवाय हे पण सांगा.

शेवटी हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारी नळी) बघून घ्या. सुरुवातीला 1.048 आणि शेवटी 1.010 आलं तर अल्कोहोल साधारण 5 टक्के, हा हिशोब स्वतः करून बघितला की मेन्यूकार्डावरचा आकडा जिवंत वाटायला लागतो.

आणि तीच बिअर पुढच्या महिन्यात भलती लागते याचं कारण बऱ्याचदा ब्रूअर नसतोच, टाकीपासून नळापर्यंतची लाइन असते. ती दर दोन आठवड्यांनी धुवायला हवी. नाही धुतली की आंबूस किंवा लोण्यासारखा वास येतो. कधी धुतली ते मोकळेपणाने विचारा, ग्राहकाचा तो हक्क आहे.

चाखून_बघा

मी टेस्टिंगबद्दल लिहिते. दादा, माझं कळकळीने सांगणं आहे की टूरच्या आधी टेस्टिंग करा, नंतर नाही. नाकाला काय शोधायचं ते माहीत असेल तर ब्रूअरीत पाऊल टाकल्यापासून सगळं बोलायला लागतं.

सुरुवात चांगल्या वासांनी करू नका, बिघडलेल्या वासांनी करा. शिजवलेल्या मक्याचा वास आला तर डायमिथाइल सल्फाइड, लोणी किंवा पॉपकॉर्न आलं तर डायअसेटिल, हिरव्या सफरचंदाचा आला तर बिअर अजून पिकलेली नाही. केळं आणि लवंग मात्र जर्मन व्हीट बिअरमध्ये हवेच असतात, ते यीस्टमधून येतात, कोणी लवंग टाकलेली नसते. आमच्यातल्या अनेकांना ते ऐकून आश्चर्य वाटलं होतं.

एक प्रयोग नागपुरात फारच छान होतो. एकच बिअर दोन काचेच्या ग्लासात ओता, एक अंधाऱ्या कपाटात ठेवा आणि दुसरा गच्चीवर उन्हात दहा-पंधरा मिनिटं. मग दोन्हींचा वास घ्या. उन्हातल्याला एक घाणेरडा, जळलेल्या रबरासारखा वास येतो, कारण उजेडाने हॉप्समधल्या कडू घटकांचं गंधकयुक्त संयुग बनतं. बाटल्या तपकिरी का असतात ते त्या क्षणी समजतं. फक्त पारदर्शक बाटलीत मिळणारी बिअर यासाठी घेऊ नका, त्यातल्या काहींमध्ये उजेडाला दाद न देणारा हॉप्सचा अर्क वापरतात, मग प्रयोग फसतो.

पथ्य साधंच आहे. ग्लासात 60 ते 90 मिली, हलकीपासून गडद आणि कडूकडे जायचं, मध्ये पाणी आणि साधे मुरमुरे. सकाळी तर्री पोहे खाऊन आलात तर जीभ दुपारपर्यंत कामाची राहत नाही, आणि खर्रा खाणारे असतील त्यांनी त्या दिवशी प्लीज बंद ठेवा, परफ्यूम पण नको. सावजी जेवण नंतर करा, आणि त्याच्यासोबत कडू आयपीए नको, तिखट अजून भडकतं, माल्टी किंवा व्हीट घ्या. चाखताना प्रत्येकाने आधी आपापल्या वहीत लिहायचं आणि मगच बोलायचं, नाहीतर पहिला जो बोलतो त्याचंच सगळ्यांना जाणवायला लागतं. बीजेसीपी (बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्राम) ची 2021 ची, बिअरच्या शैलींचं वर्णन करणारी स्टाइल गाइडलाइन फुकट डाउनलोड होते, ती समोर ठेवा.

गाडी कोणीही चालवायची नाही. कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम आहे, छोटे छोटे ग्लास म्हणून ती ओलांडली जाणार नाही असं समजू नका. मेट्रो किंवा कॅब.

रामनगर_चौक

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुठंच एकत्र वाचायला मिळालं नव्हतं. घरच्या किटचा विषय ग्रुपमध्ये बंद केला. उन्हाचा प्रयोग या रविवारी गच्चीवर करतोय. माल्ट दादा, एक विचारायचं राहिलं, ब्रूअरने ऐकलं तर आपल्या संत्र्याची बिअर करून मागायची इच्छा आहे, जमेल का? आणि आमच्यातल्या एकीला यात पुढे करिअर करायचंय, तिने कुठे शिकावं?

माल्ट_आणि_पाणी

जमेल की, आणि नागपूरकरांनी मागायलाच हवी. बेल्जियन विटबिअर मागा, गहू, धणे आणि संत्र्याची साल घालून करतात. ती शैली जवळजवळ संपली होती, पिएर सेलिस नावाच्या माणसाने 1966 मध्ये हूगार्डन गावात ती पुन्हा उभी केली. तिकडे कडू संत्र्याची वाळलेली साल वापरतात. आपलं संत्रं गोड, साल सैल आणि पातळ, तेल मात्र भरपूर. साल सोलताना फक्त वरचा नारिंगी भाग घ्यायचा, आतला पांढरा गेला की कडूपणा येतो. धणे जाडसर कुटून, दोन्ही उकळीच्या शेवटच्या पाच-दहा मिनिटांत. रस घालू द्यायचा नाही, त्यातली साखर यीस्ट खाऊन टाकतं आणि मागे नुसता आंबटपणा उरतो. आंबिया बहाराची फळं ऑक्टोबर ते डिसेंबर येतात, ब्रूअरशी दिवाळीच्या आधी बोला म्हणजे ताजी साल मिळेल, आणि फवारणी कमी असलेल्या बागेतली घ्या, कळमेश्वर-काटोलकडे ओळखीचं कोणी असेलच.

तुमच्या मैत्रिणीला पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटची चौकशी करायला सांगा, तिथं वाइन, ब्रूइंग आणि अल्कोहोल टेक्नॉलॉजीचं एमएस्सी आहे. बायोटेक, मायक्रोबायोलॉजी किंवा केमिस्ट्रीची पदवी असेल तर आधी प्रवेशाची अट विचारून घ्या.

बर्डीवाला

संत्र्याचं जमलं तं इथं कळवा भाऊ, सालीसाठी काटोलला माझ्या मामाची बाग आहे, पोतंभर लागली तरी आणून देतो.