माधवराव नेमके कोणते?

एकांनी लिहिलंय की ग्वाल्हेरच्या जयविलास पॅलेसमधली जेवणाच्या टेबलावरची चांदीची रेल्वे रेल्वेमंत्री माधवराव शिंद्यांनी करवून घेतली. नाही हो, ती त्यांच्या आजोबांची! आजोबा माधवराव १८८६ ते १९२५ गादीवर होते, नातू माधवराव १९४५ चे. आमच्या लष्कर भागात, म्हणजे ग्वाल्हेर शहरात, पाहुणे आले की हा घोळ हमखास होतो, आणि त्यांचा दोष नाही. ग्वाल्हेरची नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची रेल्वे, वाढवली थोरल्या माधवरावांनी, आणि १९८८ साली पहिली शताब्दी एक्सप्रेस धावली ती धाकटे रेल्वे खात्यात असताना. त्या चांदीच्या गाडीच्या एकेका डब्यावर शिंदे नावाचं एकेक इंग्रजी अक्षर आहे, पेयांच्या बाटल्या घेऊन ती पाहुण्यांपुढून फिरायची. लहानपणी मी तिथून हलतच नसे.

आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली जुनी रीत, त्यामुळे जयाजीराव, माधवराव, जिवाजीराव, पुन्हा माधवराव. म्हणून कळकळीची विनंती, वडिलांचं नाव जोडून लिहा: माधवराव जयाजीराव, माधवराव जिवाजीराव. शिवपुरीची छत्री (समाधीवरचं स्मारक) आणि माधव राष्ट्रीय उद्यान, दोन्ही पहिल्यांच्या नावाची. १९८४ ला ग्वाल्हेरात अटलजींना हरवलं ते दुसऱ्यांनी.