बोका लिटर बॉक्स सोडून पायपुसण्यावर मुततो

म्हापसेकर: आमचा बोका कायम शहाण्यासारखा बॉक्समध्ये जायचा, पाऊस सुरू झाल्यापासून बाल्कांवातल्या (व्हरांड्यातल्या) पायपुसण्यावर मुततो. लिटर, म्हणजे बॉक्समधली वाळू, नवीन आणली, वासाची, आणि बॉक्स वॉशिंग मशीनजवळ सरकवला, बाकी काहीच बदललं नाही.

फोंड्याची माऊ: काहीच नाही म्हणता आणि दोन बदल सांगता! तो सुगंध आपल्यासाठी असतो हो, मांजरांना बिनवासाचीच बरी, आणि मशीन गरगरायला लागल्यावर तो तिथे बसेल कशाला? पावसात लिटर दमट राहते, रोज घाण उपसा.

पणजीकर: आधी मूत नीट होतंय का बघा. सारखा बसतो, कण्हतो, थेंबच पडतो असं असेल तर मूत्रनळी तुंबलेली असू शकते, बोक्यांत हे जिवावर बेततं, आजच व्हेटकडे न्या. आणि फरशी फिनाइलने पुसू नका, मांजरांना विषारी असतं.

म्हापसेकर: थेंबच पडतायत ओ. निघालोच.