मदत हवी आहे : औषधांच्या क्यूएमधून (गुणवत्ता हमी) मेडिकल डिव्हाइसकडे जावं का?

नमस्कार मंडळी, बी. फार्म. करून वाळूजच्या एका टॅब्लेट प्लांटमध्ये क्यूएत आहे. बॅच रेकॉर्ड तपासणं, डेव्हिएशन (ठरल्यापेक्षा वेगळं काही झालं तर त्याची नोंद), कापा (CAPA, म्हणजे चूक सुधारणं आणि ती पुन्हा होऊ न देणं), चेंज कंट्रोल (बदलांना रीतसर मंजुरी) हेच रोजचं. सुधारित शेड्यूल एम (औषधनिर्मितीचे सरकारी नियम) आल्यापासून कागद आणखी वाढलेत. (घरी अजूनही वाटतं मी लॅबमध्ये गोळ्या तपासतो, ते काम क्यूसीवाल्यांचं (चाचणी विभाग), हे सांगून दमलो.)

आता पुण्यात कॅथेटर (शरीरात घालायच्या नळ्या) बनवणाऱ्या कंपनीत बोलावणं आलंय. पगार जवळपास तेवढाच. तिथे आयएसओ १३४८५ (मेडिकल डिव्हाइसच्या गुणवत्ता व्यवस्थेचं मानक), जोखमीसाठी आयएसओ १४९७१, ईओ (इथिलीन ऑक्साइड वायूने) स्टरिलायझेशनचं व्हॅलिडेशन, शिवाय २०१७ चे मेडिकल डिव्हाइस नियम. डिझाइन कंट्रोल (डिझाइनच्या प्रत्येक टप्प्याची तपासणी आणि नोंद) तर मी कधी हाताळलंच नाही. फार्मात फॉर्म्युला ठरल्यावर फाइल आमच्याकडे येते. डिव्हाइसमध्ये क्वालिटीवाला पहिल्या ड्रॉइंगपासून बसतो म्हणे. मला तेच आवडतंय, खरं सांगायचं तर.

या बाजूला गेलेल्या दादा-ताईंनी सांगा: फार्मातला अनुभव धरतात की फ्रेशरच समजतात? १३४८५ चा लीड ऑडिटर कोर्स (पूर्ण ऑडिटचं नेतृत्व करायला शिकवणारा) आधी करावा की इंटर्नल ऑडिटर (स्वतःच्याच कंपनीचं ऑडिट करण्यापुरता) पुरे? आणि नाही जमलं तर परत फार्मात घेतात का?